युलेखा

साडेतीनला मार्केट यार्डातून फोन.
"पासवर्ड बरोबर आहे हो मॅडम.
तीन वेळा घातला, तीन वेळा नाही म्हणतंय.
चौथ्यांदा घातला तर कुलूप पडेल म्हणं."

हात बाजूला घ्या, म्हटलं, जुलेखाताई.

त्यांची अडत मी पाहिलेली.
सौदे उरकले की मागची खोली,
पंखा, वजनाच्या पावत्या,
आणि कीबोर्डच्या फटींत बसलेली हळद:
एस आणि डी नुसते अंदाजानं दाबायचे.
यंत्र सांगलीत. पण पडद्यावर उघडतं ते
हॅम्बुर्गमधलं कुणाचं तरी कपाट.
आपण इथून हात लांब करून
त्यांच्या वहीत आपला माल लिहायचा.

पासवर्डाचे नुसते ठिपके दिसतात.
ठिपक्यांवरून कळणार काय?
म्हणून सांगितलं, नावाच्या चौकटीत लिहा,
उघडा दिसेल. मला वाचून दाखवू नका,
वेगळं काय उमटलं तेवढंच सांगा. आणि मग पुसा.

"अगंबाई. ॲटच्या जागी अवतरणचिन्ह.
डॅशच्या जागी बी आलाय, पोट सुटलेला.
झेड दाबलं तर वाय.
आणि हे चुकून दाबलं तर ओ, डोक्यावर दोन तीटा लावल्यासारखा."

सापडलं.

बोट अक्षर पाठवत नाही, ताई.
बोट फक्त घर नंबर पाठवतं,
दुसरी गल्ली, डावीकडून पहिलं घर.
तिथं राहतं कोण, ते पलीकडचं यंत्र ठरवतं.
जर्मन गल्लीत तुमच्या झेडच्या घरी वाय राहतो.
कालच्या अपडेटनं तुम्हाला त्या गल्लीत नेऊन सोडलंय.

"मग आता?"

आता एकदाच त्यांच्या पत्त्यानं जायचं.
झेड हवा तर वाय दाबा.
डॅश हवा तर तिरक्या रेघेचं बटण.
ॲटसाठी उजवा ऑल्ट धरून क्यू.
फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता,
मागं हमालांची आरडाओरड, कुणीतरी पोती मोजतंय,
सत्तावीस, अठ्ठावीस...
"उघडलं!"

थांबा. फुली मारू नका.
फुलीनं नुसती खिडकी मिटते,
आतलं सत्र तसंच बसून राहतं
जुन्या सवयी धरून.
रीतसर साइन आउट करा. आता इकडं खाली कोपऱ्यात
इंग्रजी भारत निवडा. मग पुन्हा जोडा.
लिहून बघा काहीही.
त्यांनी झेड लिहिला. झेड आला.
परत लिहिला. परत आला.
सात-आठ तरी लिहिले असतील.

"मॅडम, एक विचारू?
तीन वर्षांपूर्वी खातं उघडताना असंच झालेलं.
घाईत कळलंच नाही, नावाचा वाय झाला.
पुढं आपोआप नीट चालायला लागलं,
पण नाव तसंच. सगळ्या बिलांवर युलेखा मुल्ला.
बदलू?"

बदला की. तुमचंच नाव आहे.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन.
पलीकडून निरोप आला होता, वाचून दाखवला, थांबत, मराठी करून:
आपण नवीन आलात का?
युलेखाबाई कुठे गेल्या?
त्यांच्या हिशेबात तीन वर्षांत एक चूक निघाली नाही.
गेल्या डिसेंबरात माल बंदरात अडकला
तेव्हा रात्री एकपर्यंत त्याच जाग्या होत्या.
भेटल्या तर आमचा नमस्कार सांगा.

मला हसू येत होतं. त्यांना येत नव्हतं.
"काय लिहू?"
खरं ते लिहा, म्हटलं, घर नंबर, गल्ली, सगळं.
बराच वेळ बटणांचा आवाज,
मग खोडायचं बटण, लांबलचक.
शेवटी लिहिलं ते इंग्रजीत, चारच शब्द:
आय विल टेल हर.

मी सवयीनं तपासलं.
ना झेड, ना वाय.
कुठल्याही गल्लीतून असंच पोचलं असतं.